गोळ्याचे वजन : परंड्याच्या तोफेचा हिशेब

परंड्याचा किल्ला पाहायला विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की एक प्रसंग हटकून घडतो. तटावरच्या तोफांची छायाचित्रे काढून होतात, तोफेच्या तोंडात हात घालून होतो, आणि मग कुणीतरी एखादा गोळा उचलून पाहण्याचा प्रयत्न करतो. तो जागचा हलत नाही. मागून प्रश्न येतो, "सर, याचं वजन किती असेल?" आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. इतिहास हा आमच्या आवडीचा विषय असला तरी तो शिकवण्याचा अधिकृत परवाना आमच्याकडे नाही. त्यामुळे उत्तर देताना आम्ही थोडे चाचरतो. मागच्या खेपेला मात्र आमच्याआधी एका विद्यार्थ्यानेच उत्तर द्यायला सुरुवात केली. तो मोबाइलवर आणि संगणकावर युद्धाचे खेळ खेळणारा. त्याच्या खेळात प्रत्येक शस्त्राचा एक तक्ता असतो आणि त्यात पल्ला, वेग, भेदकता यांच्या रांगेत गोळ्याचे वजनही दिलेले असते. "वजन जास्त, म्हणजे तोफ भारी," असा त्याचा साधा सिद्धान्त होता. तो चुकीचा आहे असे आम्हाला तेथल्या तेथे म्हणता आले नाही. बरोबर आहे असेही म्हणवले नाही. परतीच्या एस.टी.त हाच विषय चालू राहिला. त्या चर्चेतूनच हा लेख लिहावासा वाटला.

या खेळांची थट्टा करावी असा आमचा हेतू नाही. 'वॉर थंडर'सारख्या खेळात रणगाड्याच्या गोळ्याचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये दिलेले असते आणि ते देणाऱ्यांनी जुनी कागदपत्रे चाळण्याचे कष्ट घेतलेले असतात. आमच्या पिढीतील अनेकांनी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून खेळलेला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ सालचा. त्यात तोफ हवी असेल तर २२५ लाकूड आणि २२५ सोने मोजावे लागते. मोजले की थोड्या वेळात तोफ कारखान्यातून बाहेर पडते आणि सांगू तिकडे चालू लागते. ती ओढायला बैल लागत नाहीत, बैलांना वैरण लागत नाही, वाटेत नदी उतरावी लागत नाही. खेळ म्हणून हे ठीकच आहे. वैरणीचा हिशेब ठेवायला लावणारा खेळ कोण खेळेल? प्रश्न इतकाच आहे की, खेळाने जे गाळले ते आपणही इतिहास वाचताना आणि शिकवताना गाळतो की काय?

गोळ्याच्या वजनावरून तोफ ओळखण्याची पद्धत खेळवाल्यांनी शोधलेली नाही. ती युरोपातून आली आहे आणि तिला पाच शतकांची परंपरा आहे. न्यूरेंबर्गचा गेओर्ग हार्टमान याने १५४० च्या सुमारास एक मोजपट्टी तयार केली असे मानले जाते. तोफेच्या तोंडाचा व्यास मोजला की त्यात बसणाऱ्या लोखंडी गोळ्याचे वजन त्या पट्टीवर वाचता येई. तोफा ओतणारा एका गावात, गोळे पाडणारा दुसऱ्या गावात आणि लढाई तिसऱ्याच गावात, अशी स्थिती असताना ही सोय फार मोलाची होती. पुढे फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल याने १७६५ पासून मैदानी तोफखाना चार, आठ आणि बारा पौंडी अशा तीन मापांत बसवला. 'बारा पौंडी' हे तोफेचे नाव तिच्या गोळ्याच्या वजनाचे नाव होते. तिथे आकडा पराक्रम सांगत नव्हता. तो कोठीवाल्याची खूण होता. या तोफेला कोणता गोळा, किती दारू, किती घोडे, हे एका शब्दात कळावे म्हणून तो होता.

आपल्याकडे तोफांना नावे असत. दौलताबादची मेंढा, जंजिऱ्याची कलालबांगडी, नळदुर्गच्या उपली बुरुजावरील हत्ती तोफ आणि मगर तोफ ही सगळी नावे रूपावरून, आवाजावरून किंवा दराऱ्यावरून पडलेली. नावांच्या या दुनियेत वजनाची नोंद आढळते तेव्हा ती लक्षपूर्वक वाचावी लागते. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त आपल्या काळच्या मोठ्या तोफांविषयी लिहिताना गोळ्याचे वजन बारा मण असल्याचे सांगितले आहे. अकबरी मण सुमारे २५ किलोंचा धरला तर हे तीनशे किलो होतात. पण त्याच दमात तो सांगतो की, अशी एक तोफ हलवायला काही हत्ती आणि हजारभर बैल लागतात. आकडा आणि बैल तो एकत्रच सांगतो. अबुल फजल दरबारी इतिहासकार होता, बादशहाची थोरवी गाणे हे त्याचे कामच होते. तरीही गोळ्याचे वजन हे ओढणाऱ्या जनावरांपासून तोडून सांगता येत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आता परंड्याच्या तोफेकडे वळू. ही तोफ आज परंड्यात नाही, आणि म्हणूनच तिची गोष्ट सांगावीशी वाटते. विजापूरच्या शेरजा बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान, म्हणजे 'रणभूमीचा स्वामी', हिला मराठीने 'मुलूखमैदान' केले. ती १५४९ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, महंमद बिन हसन रूमी याने ओतली. 'रूमी' या उपनावावरूनच त्याचा तुर्की मुलखाशी असलेला संबंध कळतो. निजामशाहीची ही तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून ती विजापूरला गेली. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर, बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर आणि तोंडाचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. तोंडाशी जबडा उघडलेला सिंह असून त्याच्या दातांखाली हत्ती चिरडला जातो आहे. वजन ५५ टन सांगतात. पोकळ नळकांड्याचे घनफळ काढून त्याला मिश्रधातूच्या घनतेने गुणले तर उत्तर पन्नास टनांच्या पुढेच जाते. तेव्हा ५५ टन ही नुसती बढाई नव्हे, याची आम्ही वहीवर खात्री करून घेतली.

मग गोळा केवढा? तोंड ७० सेंटिमीटरचे असले तरी गोळा थोडा लहान ठेवावा लागतो, नाहीतर तो आत अडकतो. ६६ सेंटिमीटर व्यासाचा, आपल्या काळ्या बसाल्टचा गोळा धरला तर त्याचे वजन सव्वाचारशे किलोंच्या आसपास येते. त्याच मापाचा गोळा लोखंडाचा केला तर ते हजार किलोंच्या वर जाते. म्हणजे एकाच तोफेच्या तक्त्यात 'गोळ्याचे वजन' या रकान्यात दोन उत्तरे लिहिता येतील, आणि त्यांत दुपटीहून जास्त फरक असेल. दुसरी गंमत व्यासाची. ३३ सेंटिमीटरचा दगडी गोळा अंदाजे ५४ किलोंचा; व्यास दुप्पट केला की वजन दुप्पट होत नाही, आठपट होते. सुलतानाने तोफेचे तोंड वीतभर मोठे कर म्हणावे आणि ओतणाऱ्याने 'जी' म्हणावे, इतके ते सोपे नाही. त्या वितीबरोबर गोळा वाढतो, गोळ्याबरोबर दारू वाढते, दारूबरोबर नळीची जाडी वाढते आणि जाडीबरोबर ओझे वाढते. गोळ्याच्या वजनाचा आकडा हा खरे तर या साखळीचे पहिले कडे आहे.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय असते? एक म्हणजे वेळ. कॉन्स्टँटिनोपलच्या १४५३ च्या वेढ्यात ऑर्बान नावाच्या कारागिराने ओतलेल्या प्रचंड तोफेची कीर्ती जगभर झाली, पण ती दिवसाकाठी सात वेळा उडे असे सांगितले जाते. नळी थंड व्हायची, पुसायची, दारू ठासायची, गोळा ढकलायचा. तटाला ते चालते, कारण तट पळून जात नाही. समोर घोडदळ असेल तर दुसऱ्या बाराच्या आत ते तोफेपर्यंत येऊन पोचते.

म्हणूनच तालिकोटच्या लढाईचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. २३ जानेवारी १५६५ रोजी झालेल्या या लढाईत निजामशाही तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमीखान होता. फिरिश्ता लिहितो की, विजयनगरची फौज अगदी जवळ येऊन भिडली तेव्हा त्याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून मारा केला आणि तोफांच्या तोंडाशीच पाच हजारांवर माणसे पडली. मुलूखमैदान या लढाईत होती अशी परंपरा आहे. आकडा फिरिश्ताचा आहे, तो जसाच्या तसा घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. पण त्यातली युद्धकला स्पष्ट आहे. मोठ्या तोफांचे नाव ज्या दिवशी सर्वांत भयंकर झाले, त्या दिवशी निर्णायक क्षणी त्यांच्या पोटात मोठा गोळा नव्हताच. होती ती बाजारात भाजी घ्यायला चालणारी नाणी. एकेका नाण्याचे वजन दोन तोळ्यांच्या आतले. तक्त्यात हे कसे मांडणार?

साखळीचे आणखी एक टोक आहे आणि ते आमच्या जिल्ह्याच्या मातीत रुतलेले आहे. निजामशाही मोडकळीस आल्यावर परंडा आदिलशाहीच्या हाती गेला आणि १६३२ साली विजापूरचा मातब्बर मुत्सद्दी मुरार जगदेव, म्हणजे मुरारपंत, याने ही तोफ विजापूरला नेली. परंड्याहून विजापूर सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरांहून दूर, आणि मध्ये सीना आणि भीमा या दोन नद्या. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगितले जाते. तिच्याबरोबर निघालेली दुसरी एक तोफ भीमेत बुडाली, अशीही आख्यायिका आहे. शाळेच्या पुस्तकापासून पर्यटकांच्या माहितीफलकांपर्यंत हे सारे कौतुकाने सांगितले जाते. आम्हीही ते कौतुकानेच सांगत आलो.

पण १६३२ हे साल काय होते? १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात एका भीषण दुष्काळात होरपळून निघाले. शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. देहूच्या तुकोबांच्या घरादाराची वाताहत झाली तो हाच दुष्काळ. गुरे मेली, गावे ओस पडली, माणसे परागंदा झाली. त्या दुष्काळाच्या पाठीवर ही तोफ निघाली. आता कौतुक बाजूला ठेवून हिशेब मांडू. एका बैलाला दिवसाला पाच किलो कडबा धरला, आणि ओझे ओढणाऱ्या बैलाला तो कमीच पडेल, तरी चारशे बैलांना रोज दोन हजार किलो कडबा लागणार. हत्तींचे वेगळेच. वाट महिनाभराची धरली तर एकट्या बैलांसाठी साठ हजार किलो. हा कडबा ज्या गावांवरून तोफ गेली त्यांच्याच वळ्यांतून निघाला असणार, कारण इतकी वैरण बरोबर वाहून न्यायची तर तिच्यासाठी आणखी बैल लागतील आणि त्यांना आणखी वैरण. आमच्या जिल्ह्यात ज्यांनी १९७२ पाहिला आहे, किंवा २०१५-१६ साली चारा छावणीत जनावरे बांधून रात्र काढली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. सव्वाचारशे किलोंचा गोळा कोणाच्या अंगावर पडला, असे कुणी विचारले तर आम्ही म्हणू, उडण्याच्या आधीच तो सीना आणि भीमाकाठच्या कुणब्यांच्या दावणीवर पडला होता.

याच मुरार जगदेवाची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि तीही वजनाचीच. १६३३ साली भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्याने तुला केली. त्याला हत्तीच्या भारंभार दान द्यायचे होते, पण हत्ती तोलायचा कसा? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली, असे परंपरा मानते. हत्ती नावेत चढवला, नाव पाण्यात जिथवर बुडाली तिथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नावेत दगड भरले आणि ते दगड तोलले. नांगरगावचे तुळापूर झाले ते यावरून. ही गोष्ट आम्ही मुलांना चातुर्याची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण ती १६३२ च्या तोफेशेजारी ठेवून पाहावी. नाव काय पेलते आणि कशाने बुडते, हे पाण्याच्या खुणेवरून जाणण्याची ही विद्या आहे. ५५ टनांची वस्तू तरंगवायची तर नावेला स्वतःच्या भाराखेरीज ५५ घनमीटर पाणी बाजूला सारावे लागते. भीमेत एक तोफ बुडाल्याची आख्यायिका आणि त्याच नदीवर हत्ती तोलल्याची परंपरा या दोन्ही एका वर्षाच्या अंतराने एकाच माणसाच्या नावाभोवती फिरतात. वजन म्हणजे काय असते, हे त्या काळच्या लोकांना तक्त्यातून कळत नव्हते; नदीकाठी, चिखलात उभे राहून कळत होते.

तोफ गेली. परंडा दुबळा झाला का? दोनच वर्षांनी, १६३४ साली, शहजादा शुजा आणि महाबतखान मोठी मोगल फौज घेऊन परंड्यावर आले. वेढा बसला, सुरुंग खणले गेले, चकमकी झाल्या, पण किल्ला पडला नाही. आसपासच्या मुलखात गवत आणि सरपण मिळेनासे झाले, सरदारांत बेबनाव माजला, पावसाळा तोंडावर आला आणि मोगलांना वेढा उठवून परतावे लागले. म्हणजे जिने किल्ला राखायचा ती सर्वांत मोठी तोफ नसताना किल्ला राहिला, आणि तो राहण्याच्या कारणांत गवताची टंचाई हे एक मोठे कारण होते. उलट १६६० मध्ये तोच परंडा किल्लेदार गालिब याने न लढता मोगलांच्या स्वाधीन केला. त्या दिवशी कोणत्याच गोळ्याच्या वजनाला अर्थ उरला नाही. आणि खुद्द विजापूर? मुलूखमैदान बुरुजावर असतानाच सप्टेंबर १६८६ मध्ये शहर औरंगजेबाला शरण गेले. लांबलेल्या वेढ्याने आत अन्न उरले नव्हते. बादशहाने विजयाचा लेख त्याच तोफेवर कोरवून घेतला.

पुढे काळ हलक्या, चपळ तोफांचा आला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याची लढाई झाली. खर्डा परंड्यापासून फार लांब नाही. त्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँच्या हाताखाली होत्या आणि निजामाच्या रेमाँच्या. दोन्हीकडच्या तोफांचे गोळे मुलूखमैदानच्या गोळ्यापुढे लिंबाएवढे. पण त्या तोफा फौजेबरोबर चालत होत्या आणि एकामागून एक बार काढत होत्या.

मुलूखमैदानच्या वजनाचा शेवटचा व्यवहार मात्र लढाईतला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही तोफ विजयचिन्ह म्हणून विलायतेला न्यावी असे इंग्रज सरकारच्या मनात आले होते, पण समुद्रापर्यंत नेण्याजोगे रस्तेच नव्हते. आणि १८५४ मध्ये तिला निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढले तेव्हा बोली आली १५० रुपयांची. लोकांची तिच्यावरची श्रद्धा पाहून पुढे तो लिलाव रद्द झाला. ५५ टनांना दीडशे रुपये, म्हणजे टनाला तीन रुपयेही नाहीत. ज्याने बोली लावली त्याला मोडीचा भाव ठाऊक होता; ती फोडायला आणि वाहून न्यायला किती खर्च येईल हेही ठाऊक असावे. दोनशे वर्षांपूर्वी कुणब्यांच्या बैलांनी जो भार वाहिला तोच भार आता तोफेची ढाल झाला.

हा सारा हिशेब मांडल्यावर त्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? आकडा खोटा आहे असे सांगण्यात अर्थ नाही, कारण तो खोटा नाही. आकड्यापासूनच आम्हीही सुरुवात केली. व्यास आणि घनता हाताशी नसती तर पुढचे काहीच सुचले नसते. शिवाय त्याच्यावर रागावण्याचा आम्हाला अधिकारही नाही. महाविद्यालयातील सामान्यज्ञान स्पर्धेसाठी 'मुलूखमैदान तोफेचे वजन किती?' हा प्रश्न काढणारे आम्हीच आणि '५५ टन' या उत्तराला एक गुण देणारेही आम्हीच. तोफ मूळची आमच्या परंड्याची, म्हणून ते वजन सांगताना आमची छाती थोडी फुगते हेही कबूल केले पाहिजे. खेळाच्या तक्त्यात आणि आमच्या प्रश्नपत्रिकेत तसा फरक नाही. दोन्हींत बैल नाहीत.

मराठी भाषेनेही या तोफेचे असेच केले. फर्ड्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. भाषेने तिचा आवाज ठेवून घेतला, ओझे टाकून दिले आणि परंड्याचे नावही वाटेत कुठेतरी गळून पडले. मराठी शिकवणाऱ्यांनी वाक्प्रचाराचा अर्थ सांगताना ते परत उचलावे, एवढे तरी आमच्या हाती आहे.

पुढच्या सहलीत तो प्रश्न पुन्हा येईल. वजनाचा अंदाज कसा करायचा ते आम्ही विद्यार्थ्यांनाच करायला लावू; दोरीने घेर मोजायचा, व्यास काढायचा, बसाल्टची घनता फळ्यावर लिहायची. उत्तर आले की दुसरे गणित घालू : हा गोळा उडवणारी तोफ येथून भीमेच्या काठापर्यंत न्यायची आहे, बैल किती लागतील आणि कडबा कोणत्या गावातून आणायचा? आमच्या वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांची आहेत. दुसरे गणित त्यांना आमच्यापेक्षा चांगले येईल.